गोळी कोणाच्या साच्यातली? लोणारच्या सोऱ्यापासून लष्करी रिव्हॉल्व्हरपर्यंत

‘बंदूक’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे कठीण कवचाचे एक लहान फळ. त्या फळाएवढ्या गोळीलाही तेच नाव पडले आणि पुढे ती गोळी फेकणाऱ्या हत्याराला. म्हणजे नाव आधी गोळीचे होते, नळीचे नंतर झाले. ‘बारूद’ हाही अरबी शब्द. त्याचा जुना अर्थ सोरा. ‘दारूगोळा’ या शब्दातली ‘दारू’ फारसी आहे, तिथे तिचा अर्थ औषध. ‘तोफ’ तुर्कीतून आली आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून. मराठी माणूस ‘फुसका बार’ म्हणतो किंवा एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्यात जुन्या बंदुकीचाच गज फिरत असतो.

हत्यारांचा इतिहास आपण नेहमी चालवणाऱ्याकडून वाचतो. तलवार कोणाची, तोफ कोणाची, कोणत्या सरदाराने कोणता किल्ला घेतला, हे सगळ्यांना पाठ असते. गोळी कोणी ओतली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. बुलढाणा जिल्ह्यात राहून मी हा प्रश्न जितका तपासत गेलो, तितके एक लक्षात येत गेले. या मुलखातला सामान्य माणूस निःशस्त्र झाला, तो केवळ त्याची बंदूक हिसकावल्यामुळे नव्हे. गोळी बनवण्याचे काम त्याच्या हातून गेले, तेव्हा तो खऱ्या अर्थाने निःशस्त्र झाला. ते काम जाताना कारागिरांच्या कित्येक घरांची रोजीरोटीही गेली.

लोणार आणि साखरखेर्डा

सुरुवात घराजवळूनच करू. लोणारचे सरोवर आज उल्कापातामुळे जगाला माहीत आहे. मुघलांच्या दप्तरात मात्र त्याची ओळख वेगळी होती. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिली. तिच्यात वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे आणि त्यात मेहकर सरकारातल्या या खाऱ्या तळ्याचा उल्लेख येतो. काच आणि साबण करायला लागणारे जिन्नस इथे मिळतात, सोराही निघतो आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न होते, असा त्याचा आशय. सरोवराच्या पाण्यातला क्षार मुख्यतः सोड्याचा. डल्ला, खप्पल, पापडी अशी त्याची गावठी नावे होती. सोरा हा वेगळा क्षार. पण बादशाही कारकुनाने दोन्ही एका नोंदीत घेतले, कारण दोन्हींवर महसूल होता. आणि सोरा म्हणजे बारूद. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणात जवळपास तीन चतुर्थांश वाटा एकट्या सोऱ्याचा असतो.

लोणारपासून फार दूर नाही असे साखरखेर्डा आज सिंदखेडराजा तालुक्यात आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे झालेल्या लढाईने दख्खनचे पुढचे सव्वादोनशे वर्षांचे राजकारण ठरवले. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिज खान. निजामाला दख्खनमधून हटवण्यासाठी दिल्लीच्या मुहम्मद शाह बादशाहानेच मुबारिज खानाला पुढे केले होते. लढाईत मुबारिज खान मारला गेला. निजामाने गावाला ‘फतहखेर्डा’ असे नाव दिले आणि हैदराबादचे आसफजाही राज्य इथून सुरू झाले. या लढाईत बाजीराव पेशव्यांची मराठी फौज निजामाच्या बाजूने होती. मुसलमान सुभेदाराविरुद्ध मुसलमान सुभेदार, आणि जिंकणाऱ्याच्या मदतीला मराठे! हिंदू विरुद्ध मुसलमान या चौकटीत मध्ययुग कोंबणाऱ्यांनी एकदा साखरखेर्ड्याला जाऊन यावे.

त्या काळच्या लढाईत दोन्हीकडच्या बंदुका सारख्याच असत. तोड्याच्या बंदुका, नळीच्या तोंडाकडून ठासून भरायच्या. गोळ्या शिशाच्या. फौजेबरोबर चालणाऱ्या बाजारात लोहार, सुतार, ओतारी, शिकलगार अशी कारागिरांची बिऱ्हाडे असत. यांतला कोणी लढाईच्या बखरीत येत नाही.

शिसे, साचा आणि कारागीर

शिसे गोळीसाठी का निवडले गेले, याची कारणे साधी आहेत. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीच्या विस्तवावरही पाणी होते. ते जड असते, त्यामुळे लहान गोळीतही वजन बसते. ते मऊ असते, त्यामुळे नळीला इजा करत नाही. कढईत शिसे वितळवायचे, वर आलेली मळी काढायची, पळीने साच्यात ओतायचे, निवले की साचा उघडून गोळी बाहेर काढायची. साचा दगडाचा, लोखंडाचा किंवा पितळेचा. ओतताना राहिलेले शेपूट कापून टाकायचे आणि ते पुन्हा कढईत. शिशाची वाफ आणि राख अंगाला विषारी असते, हे जगाला नीट कळायला पुढे बराच काळ जावा लागला. तोवर ही कामे करणाऱ्यांनी ते विष अंगावर घेतले.

प्रत्येक बंदुकीच्या नळीचा घेर वेगळा, म्हणून प्रत्येक बंदुकीचा साचाही वेगळा. आपण आजही ‘बारा बोअर’ म्हणतो, ते याच काळाचे उरलेले माप आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या केल्या, की त्यातली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअरची बंदूक. एक पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम, म्हणजे एका गोळीचे वजन ३८ ग्रॅमच्या आसपास. नळीचे माप नळीवरून नव्हे, ओतलेल्या गोळीच्या वजनावरून ठरत होते.

या कामात कोणा एका धर्माची मक्तेदारी नव्हती. ओतारी आणि लोहार हिंदू होते, तसे मुसलमानही. तरी काही कामांवर मुसलमान घराण्यांचा ठसा आहे आणि तो आडनावांतून आजही वाचता येतो. गोलंदाज म्हणजे तोफा डागणारे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चकाकी देणारे. हा शब्दही अरबीतल्या ‘सैकल’वरून आलेला, म्हणजे पॉलिश. शिवाय आतषबाज आहेत, दारूवाले आहेत. विजापूरची मलिक-ए-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि तिच्यावर ओतणाऱ्याचे नाव कोरले आहे: मुहम्मद बिन हुसेन रूमी. ज्या काळात सुलतानाखेरीज कोणाचे नाव धातूवर येणे अवघड होते, त्या काळात एका ओतकाम करणाऱ्याचे नाव साडेचारशे वर्षांहून अधिक टिकले. पण असा रूमी एखादाच. बाकीचे मोहल्ल्यांच्या आणि आडनावांच्या रूपानेच उरले.

साच्यासकट आलेले रिव्हॉल्व्हर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रिव्हॉल्व्हर हिंदुस्थानात आले. अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८५३ मध्ये लंडनला कारखाना काढला. इंग्लंडच्या रॉबर्ट अॅडम्सचे रिव्हॉल्व्हर १८५१ पासून बाजारात होते. १८५७ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला याच दोन जातींची हत्यारे मोठ्या संख्येने होती.

ही रिव्हॉल्व्हरे लाकडी पेटीतून विकली जात. पेटीत हत्याराबरोबर दारूची कुपी, टोप्यांची डबी आणि गोळ्या ओतण्याचा साचा असे. कोल्टच्या साच्यात बहुधा दोन खाचा असत, एकीत गोल गोळी, दुसरीत निमुळती. फिरत्या चक्रातल्या प्रत्येक खान्यात दारू भरायची, वर गोळी दाबायची, मागच्या बाजूला टोपी बसवायची. म्हणजे रिव्हॉल्व्हर नवे असले तरी ते भरण्याची रीत जुन्या ठासणीच्या बंदुकीचीच होती. शिसे आणि दारू असली, की माणूस कोणावर अवलंबून नव्हता.

अपवाद एकच, टोपी. तांब्याच्या त्या इवल्याशा वाटीत पाऱ्यापासून केलेला स्फोटक थर असतो. घोडा आपटला की तो पेटतो. ही टोपी घरात करता येण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी रसायनशाळा लागे, कारखाना लागे. कलकत्त्याजवळच्या डमडमला कंपनी सरकारने असा कारखाना घातला. चुलीवरची गोळी आणि कारखान्यातली टोपी, असा हा दोन पायांवरचा काळ होता. सरकारचा हात काडतुसापर्यंत पोहोचला तो आधी टोपीच्या वाटेने.

१८५७ च्या काडतुसाची गोष्ट आपण शाळेत शिकलो. एन्फिल्ड रायफलीचे कागदी काडतूस दातांनी तोडावे लागे आणि त्याला गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, असे शिपायांना कळले. आपण ही गोष्ट धर्म भ्रष्ट होण्याच्या भीतीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखी एक बाजू आहे. काडतूस तयार होऊन आले होते. त्यात काय घातले आहे हे शिपायाला दिसत नव्हते, आणि जो सांगत होता त्याच्यावर त्याचा विश्वास उरला नव्हता. हे सरकारलाही कळले होते. म्हणून शिपायांनी स्वतः आणलेले वंगण लावावे, अशी मुभा १८५७ च्या जानेवारीतच दिली गेली. उशीर झाला होता. मीरतच्या ८५ घोडेस्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला, त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. ९ मे रोजी त्यांना बेड्या घालण्यात आल्या, १० मे रोजी मीरत पेटले.

वऱ्हाडचा महसूल, फौजेची काडतुसे

या सगळ्यात बुलढाणा कुठे होता? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. कारण पैशाचे होते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज निजामाच्या खर्चाने ठेवली जात होती आणि तो खर्च थकला होता. वऱ्हाडचा महसूल त्या फौजेसाठी लावून देण्यात आला. म्हणजे मेहकर-मलकापूरच्या शेतकऱ्याने भरलेल्या सारापट्टीतून शिपायांचा पगार निघत होता, तशी त्यांची काडतुसेही. हीच फौज १८५८ मध्ये ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेत झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. वऱ्हाडच्या कुणब्याला त्यातले काही विचारले गेले नव्हते.

कागदावर वऱ्हाड निजामाचेच राहिले. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे इथे आपोआप येत नसत, स्वतंत्र हुकमाने लागू करावे लागत. सामान्य माणसाच्या दृष्टीने फरक शून्य होता. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्याची रीत सगळीकडे पोहोचली. हिंदुस्थानी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला सूट होती. हा वंशभेद इतका उघड होता, की काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव झाले.

या कायद्यातली एक तरतूद मला सर्वात बोलकी वाटते. दारूगोळ्याच्या व्याख्येतून शिसे, गंधक आणि सोरा वगळले होते. वगळावेच लागले असते, कारण शिसे कल्हईवाल्याला आणि छापखान्याला लागते, गंधक वैद्य-हकिमांना लागते. पण त्याच कायद्यात ‘लष्करी सामान’ अशी दुसरी व्याख्या होती आणि सरकारला वाटेल तेव्हा शिसे, गंधक, सोरा हे तिन्ही जिन्नस तिच्यात ओढता येत होते. कायदा लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक होते की धोका नळीत नाही. धोका चुलीवरच्या कढईत आहे.

पितळी पुंगळी

कायद्यापेक्षाही मोठा बदल यंत्राने केला. वूलिचच्या शाही प्रयोगशाळेतल्या एडवर्ड बॉक्सरने १८६० च्या दशकात धातूचे काडतूस तयार केले. टोपी, दारू आणि गोळी आता एकाच पुंगळीत आली. १८६८ मध्ये अॅडम्सचे रिव्हॉल्व्हर अशा काडतुसासाठी स्वीकारले गेले. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. १८८७ मध्ये बर्मिंगहॅमचे वेब्ली रिव्हॉल्व्हर ब्रिटिश फौजेत आले आणि त्याचा सहावा नमुना १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात. हेच ते जुने लष्करी रिव्हॉल्व्हर. कुलूप काढले की नळी पुढे मोडते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडतात. गोळी शिशाची, त्यात कडकपणासाठी थोडे कथील, वजन साधारण १७ ग्रॅम.

इथे चूल संपली. गोळी कोणीही ओतू शकतो, पण पितळेची पुंगळी ओढून काढायला यंत्र लागते. आतली काळी बारूदही जाऊन १८९० च्या दशकात कॉर्डाइट आले. ते बनते नायट्रोग्लिसरीन आणि कापसाच्या तंतूपासून केलेल्या नायट्रोसेल्युलोजपासून. १८७० मध्ये लॉर्ड मेयोने खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन केले, ते वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत लवकर जावा म्हणून. ज्या तंतूवर खामगावची बाजारपेठ उभी राहिली, त्याच तंतूला आम्लात बुडवले की फौजेची दारू होते, ही रसायनविद्या वऱ्हाडात कोणाला शिकवली गेली नाही. आपल्याकडून कच्चा माल घ्यायचा आणि कसब आपल्याकडे ठेवायचे, हे कापडात झाले तसेच काडतुसातही झाले.

सरकारने आणखी एक शहाणपण केले. फौजेच्या हत्यारांचे बोअर सामान्य परवानाधारकाला मिळू नये अशी व्यवस्था ठेवली, म्हणजे छावणीतून चोरलेले काडतूस बाहेरच्या बंदुकीत बसणारच नाही. स्वतंत्र भारतानेही हा भेद पुढे चालवला. आपल्या सरकारी कारखान्यांतून नागरिकांसाठी .३१५ ची रायफल आणि .३२ चे रिव्हॉल्व्हर निघते, त्याचे मूळ या विचारात आहे.

बंदुका मिळाल्या, गोळ्या नाहीत

ही व्यवस्था किती पक्की होती, हे क्रांतिकारकांच्या इतिहासात दिसते. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्याआधी लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली होती, काडतुसांसह. काडतुसे इथे कुठे मिळणार होती? ऑगस्ट १९१४ मध्ये कलकत्त्याला रोडा कंपनीचा माल पळवला गेला, त्यात माउझर पिस्तुले ५० होती आणि काडतुसे ४६,०००. त्या ५० पिस्तुलांनी बंगालचे पोलीस अनेक वर्षे हैराण झाले, ते या ४६,००० च्या जोरावर.

उलट उदाहरण चितगावचे. १८ एप्रिल १९३० रोजी सूर्य सेन यांच्या साथीदारांनी शस्त्रागार ताब्यात घेतले. रायफली मिळाल्या, लुईस मशीनगनही मिळाल्या. पण काडतुसे दुसरीकडे ठेवलेली होती, ती सापडलीच नाहीत. सत्तर वर्षांपूर्वीच्या बंडातून सरकारने घेतलेला धडा त्या रात्री कामी आला. मशीनगन हातात असून तिचा लोखंडाच्या तुकड्यापलीकडे उपयोग नव्हता.

मराठी मुसलमानाला हा धडा चितगावपेक्षा जवळ, आणि फार महागात मिळाला. बुलढाण्याच्या दक्षिणेला हद्द ओलांडली की १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. आजचे जालना, परभणी, हिंगोली त्यातच. लातूरच्या कासिम रझवीने रझाकार उभे केले आणि लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गर्जना केल्या. त्या गर्जनांमागे काय होते? रझाकारांपैकी थोड्याच लोकांकडे आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि भाले. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्रीच्या विमानांतून कराचीहून हत्यारे आणत होता, कारण राज्याला बंदर नव्हते आणि चहूबाजूंनी कोंडी होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि पाच दिवसांत सगळे संपले.

रझाकारांनी गावोगावी केलेले अत्याचार खरे आहेत, ते झाकून मुसलमानांचे भले होणार नाही. त्यानंतर जे झाले तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने मारल्या गेलेल्या लोकांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वात जास्त. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. बंदुकीची भाषा करणाऱ्याला आपल्याकडे गोळी किती आणि ती येते कुठून, एवढा हिशेब येत नव्हता. त्याच्या भाषणाची किंमत विणकराने, शेतमजुराने आणि त्यांच्या बायका-मुलांनी मोजली.

जुने वेब्ली आज

इंग्लंड-अमेरिकेत जुन्या वेब्लीचे शौकीन आजही आहेत. मूळ काडतुसे दुर्मिळ झाल्यामुळे ते घरी गोळ्या ओततात आणि वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. त्यात गमतीची अडचण अशी, की ब्रिटिश फौजेच्या जुन्या पुंगळ्यांत टोपी बसवण्याची बर्डन पद्धत आहे आणि ती हाताने काढून पुन्हा बसवणे त्रासाचे. बॉक्सर इंग्रज, पण त्याची सोपी पद्धत अमेरिकेने उचलली. बर्डन अमेरिकन, आणि त्याची पद्धत इंग्रजांनी. तिथे कित्येक वेब्लींचे चक्र मागून घासून अमेरिकेतले पंचेचाळीसचे काडतूस बसेल असे केले गेले. पण ते काडतूस जास्त दाबाचे असते. शंभर वर्षांचे लोखंड ते सोसेल याची खात्री नसते.

आपल्याकडे अशी हत्यारे दिवाणखान्यातल्या कपाटात असतात आणि त्यांच्याबरोबर आजोबांच्या गोष्टी. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने अशा रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवून मला विचारले होते, “भाईजान, गोळ्या आपणच ओतल्या तर?” त्याला उत्तर कायद्यातच आहे. १९५९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणे गुन्हा आहे आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात. जुन्या हत्याराला कायदा सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. परवाना असलेल्याला वर्षाला किती काडतुसे घेता येतील, तेही परवान्यावर लिहिलेले असते. घाटावरच्या शेतकऱ्याला रोही आणि रानडुकरे हाकलायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो, तरी कागद लागतोच. यात मला गैर वाटत नाही. घरोघरी गोळ्या ओतल्या जाणाऱ्या देशांत शाळांमध्ये काय घडते, ते आपण बातम्यांत पाहतो. आपला प्रश्न त्या कसबाच्या वारसांचा आहे.

शिकलगारांचे काय झाले? तलवारी गेल्या, तेव्हा ते सुऱ्या-कात्र्यांना धार लावू लागले. महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. आतषबाज लग्नाच्या वरातीपुरते उरले आणि पुढे तयार फटाक्यांनी तेही काम नेले. ओतारी, लोहारांचीही वाट वेगळी नाही. ज्यांच्या पूर्वजांनी धातूच्या मिश्रणाचे गणित हाताच्या अंदाजाने सोडवले, त्यांना कारखान्यांच्या युगात कोणी शिकाऊ म्हणूनही बोलावले नाही. उलट, ज्या धातूकामासाठी आजोबाला मान मिळत होता, त्याच कामाची भट्टी नातवाच्या घरात दिसली तर संशय येतो. नाव मुसलमानाचे असेल तर जरा लवकर येतो.

मलकापूरहून मुंबईकडे रेल्वेने निघालो की भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागते. तिथे १९६४ पासून सरकारी काडतुसांचा कारखाना आहे. २०२१ नंतर खडकी आणि वरणगाव हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आले आहेत. सोऱ्याचा मुलूख आणि काडतुसांचा मुलूख यांत अंतर फार नाही. देशाच्या संरक्षणाची गोळी आज इथे, रीतसर, सरकारच्या साच्यातून निघते. तसेच असायला हवे. फक्त त्या साच्याजवळ उभे राहण्याची संधी आपल्या मुलांना परीक्षेतून, आयटीआयमधून, अभियांत्रिकीतून मिळते आहे का, हे मोहल्ल्या-मोहल्ल्यात विचारले पाहिजे. बिहारच्या मुंगेरपासून आपल्या शिकलगार गल्लीपर्यंत हुनर कधी कमी नव्हते. कमी पडला तो कागद, शाळेचा दाखला आणि कारखान्याच्या दारापर्यंत नेणारा रस्ता.

आपल्या तरुणांना तलवारींचे फोटो फार आवडतात. मला त्यांना रूमीचे नाव दाखवावेसे वाटते. पन्नास टनांहून अधिक वजनाची तोफ अवघी एका ओतकामात साधणारा तो माणूस सेनापती नव्हता. त्याला तापमान कळत होते, मिश्रण कळत होते, आणि केलेल्या कामाखाली आपले नाव लिहिण्याची हिंमत त्याच्यात होती.